व्हाइसमधून सुटलेला गोळा

आमच्या टेस्टिंग लॅबचं पोट भरतं ते गाड्यांच्या सुट्या भागांवर. सस्पेन्शनचे आर्म, सीटचे ब्रॅकेट, स्टिअरिंगचे जॉइंट असं सगळं भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येतं. आम्ही ते वाकवतो, पिळतो, थकवून तोडतो आणि रिपोर्ट देतो. शरीरात बसवायच्या इम्प्लांटचं काम एका कोपऱ्यातल्या सर्व्होहायड्रॉलिक मशीनवर सुरू झालं ते 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आल्यानंतर. हाडांसाठी प्लेट, स्क्रू, नेल (हाडाच्या पोकळीत घालायची सळई) बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना लायसन्सच्या फाइलला चाचणीचे कागद जोडायची निकड भासू लागली आणि त्यातल्या काही आमचा पत्ता शोधत आल्या. मी मेकॅनिकलची. हाडांबद्दल मला जे काही कळतं, ते त्या कोपऱ्यात उभं राहूनच कळलेलं आहे.

त्या दिवशी मशीनवर होता खुब्याचा लॅग स्क्रू. गुजरातमधल्या एका कंपनीचा नवा नमुना.

'खुबा मोडला' असं आपण म्हणतो तेव्हा मोडलेलं असतं मांडीच्या हाडाचं वरचं टोक. गोळा आणि मान असलेला तुकडा एकीकडे, खालची नळी दुसरीकडे. डॉक्टर मांडीच्या बाहेरच्या बाजूने, नळीशी साधारण 135 अंशांचा कोन धरून, एक जाड स्क्रू मानेतून थेट गोळ्यात घालतात. स्क्रूची मागची गुळगुळीत दांडी प्लेटच्या नळकांड्यात सरकती ठेवलेली असते. त्यामुळे पेशंटने पायावर वजन टाकलं की मोडलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि हाड जुळून येतं. रूढ स्क्रूचा आट्यांवरचा व्यास साडेबारा मिलिमीटर, दांडी आठची. एवढं जाड स्टील सहसा हार खात नाही, हार खातं ते हाड. वयाने पोकळ झालेल्या गोळ्यात स्क्रू आपल्या जागी राहतो आणि गोळाच त्याच्याभोवती हळूहळू कलंडतो. मग कधीतरी एक्स-रेमध्ये स्क्रूचं टोक गोळा फाडून सांध्यात आलेलं दिसतं. ऑर्थोपेडिकवाले याला कट-आउट म्हणतात. ऐंशीच्या घरातल्या पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यायचं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

नव्या स्क्रूमागचा विचार सरळ होता. बाहेरचा व्यास तोच ठेवायचा, आतला गाभा बारीक करायचा, म्हणजे आटे खोल होतात आणि प्रत्येक आट्यात जास्त हाड पकडलं जातं. कागदावर हे बिनतोड आहे. स्क्रू सरळ ओढून काढायला किती जोर लागेल याचं चॅपमन आणि सहकाऱ्यांचं 1996 चं सूत्र आहे. त्यात बाहेरचा व्यास येतो, हाडात रुतलेली लांबी येते, हाडाची कातरताकद येते आणि आट्याची खोली भागिले पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, येते. खोली वाढवा, आकडा वाढतो.

वार मुद्दाम गुरुवार धरला होता. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, शेजारच्या प्रेसशॉपचे धक्के बंद, जोर मोजणाऱ्या लोडसेलचा शून्य शांत बसतो. वीजवालेही दुरुस्तीची कामं नेमकी त्याच वारी काढतात, त्यामुळे जनरेटरमध्ये डिझेल आहे ना हे बघणं हे गुरुवारचं पहिलं काम. लॅबमध्ये मी, आमचे वर्कशॉपचे काका आणि कंपनीचा डिझायनर. तिशीतला पोरगा, रात्रीच्या बसने आलेला, गळ्यात डिजिटल व्हर्निअरची केस.

सकाळ पुलआउटमध्ये, म्हणजे स्क्रू सरळ ओढून काढण्यात गेली. माणसाचं हाड आम्ही वापरत नाही. पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे येतात, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एफ 1839 प्रमाणे ग्रेड केलेले. ग्रेड 10 म्हणजे घनमीटरला 160 किलो, ग्रेड 20 म्हणजे 320. म्हाताऱ्या हाडाच्या जागी आम्ही ग्रेड 10 घेतो. हे फोम म्हणजे हाडाची नक्कल नव्हे, असं ते स्टँडर्ड स्वतःच सांगतं. त्याचा उपयोग एवढाच की आजचा ठोकळा आणि पुढच्या महिन्याचा ठोकळा सारखाच वागतो, म्हणून दोन स्क्रूंची तुलना करता येते. मेलेल्या माणसांच्या हाडांत ती सोय नसते. एकाच माणसाचा डावा-उजवा खुबा जोडीने मिळाला तरच काही बोलता येतं.

ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचा, भोक पाडायचं, स्क्रू ठरलेल्या खोलीपर्यंत फिरवायचा, मग मिनिटाला 5 मिलिमीटर या गतीने वर ओढायचा. मशीन एवढं सावकाश चालतं की नवख्याला वाटतं बंदच आहे. ग्राफची रेघ चढते, चढते, एका क्षणी कच्च असा बारीक आवाज येतो आणि रेघ कोसळते. स्क्रू बाहेर येतो तेव्हा आटे दिसतच नाहीत. सगळ्या खाचांत फोम घट्ट बसलेला असतो आणि हातात येतो एक पिवळट, सरळसोट दंडगोल. म्हणजे आटे शाबूत, स्क्रू शाबूत. आट्यांच्या कडांवरून फोमच कातरला गेलेला.

नवा स्क्रू प्रत्येक ठोकळ्यात जुन्यापेक्षा वर होता. फरक एवढा, की आकडेवारीचा कीस पाडायची गरज नव्हती. डिझायनरने मालकाला फोटो पाठवले आणि चहा मागवला.

साडेअकराला डॉक्टर आले. कंपनीचे सल्लागार, मिरजेकडचे, पांढऱ्या केसांचे. मुंबईला जाता जाता उतरले होते. त्यांनी ग्राफ बघितला, दंडगोल झालेला स्क्रू हातात घेऊन नखाने थोडा फोम काढला आणि म्हणाले, "उत्तम. पण माझ्या पेशंटचा स्क्रू असा ओढतो कोण?"

डिझायनर म्हणाला, सर, स्टँडर्ड हेच सांगतं. खरंच होतं ते. एएसटीएम एफ 543 मध्ये हाडाच्या स्क्रूसाठी पुलआउट आहे, पिळून तोडण्याची चाचणी आहे, आत घालायला आणि बाहेर काढायला लागणाऱ्या टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, आहे. प्लेट हाडाला धरून ठेवणाऱ्या छोट्या स्क्रूला ते सगळं चपखल बसतं. लॅग स्क्रूचं दुखणं वेगळं. चालताना गोळ्यावर येणारा भार स्क्रूच्या रेषेत ओढत नाही, तो वरून तिरका दाबतो, आणि प्रत्येक पावलात त्याची दिशा थोडी बदलते.

काका लेथपाशी उभे होते. त्यांनी डोकं वर न काढता सुनावलं, "खुंटा उपटताना सरळ वर कोण ओढतंय साहेब? आधी चारी बाजूंनी हलवायचा, मग बोटानं निघतो."

डॉक्टर एवढे खूश झाले की त्यांनी काकांचं गाव विचारलं.

हा भार किती असतो, ते बर्लिनच्या बेर्गमन आणि मंडळींनी कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून मोजलेलं आहे. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास जोर येतो. माणूस अडखळला, तोल सावरला, की सात-आठ पटींवर जातो. साठ किलोच्या आजींच्या बाबतीत नुसतं संडासापर्यंत जायचं म्हटलं तरी दर पावलाला दीडशे किलो. आमची दुपारची चाचणी याच हिशोबाने बांधलेली होती. पण डॉक्टरांना त्याआधी वेगळंच काही बघायचं होतं.

"स्क्रू आत घालताना टॉर्क किती लागतो?"

तो मोजलेला होता. खोल आट्यांना जास्त फोम कापावा लागतो, त्यामुळे नव्याचा टॉर्क जुन्यापेक्षा बराच वर होता. पुलआउटच्या कागदावर ही जमेची बाजू वाटते. जास्त टॉर्क म्हणजे जास्त पकड.

"आणि ठोकळा कशात धरला होता?"

"व्हाइसमध्ये."

"माझ्याकडे व्हाइस नसतो," डॉक्टर म्हणाले. "मी सांगतो तसं मांडाल का?"

दुपारच्या चाचणीसाठी काकांनी लेथवर फोमचे गोळे काढून ठेवले होते, साधारण खऱ्या गोळ्याच्या मापाचे, मानेच्या खुंटासकट. डॉक्टरांनी एक ठोकळा तिरका कापून घेतला. ही खालची नळी. हा ठोकळा व्हाइसमध्ये. त्यावर गोळ्याचा तुकडा नुसता टेकवला आणि दोन्हींतून एक गाइड वायर घातली, ऑपरेशनमध्ये घालतात तशी. मग माझा निळा मार्कर घेऊन कापाच्या आडवी एक रेघ ओढली, अर्धी खाली, अर्धी वर. वायरवरून भोक कोरणारा रीमर फिरवला. काकांना म्हणाले, गोळ्यावर तळहात ठेवा, दाबू नका.

आधी जुना स्क्रू. टी-हँडल फिरवत गेले. शेवटच्या फेऱ्यांत गोळा जरासा थरथरला, रेघ केसभर हलली, बस्स.

मग दुसरा गोळा, नवा स्क्रू. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मऊ गेल्या. नंतर डॉक्टरांच्या मनगटाला जोर लागायला लागला आणि काकांचा तळहात फिरला. म्हणजे काकांनी फिरवला नाही, खालून गोळा फिरला. डॉक्टर थांबले नाहीत. स्क्रू पुढे जायचं सोडून गोळ्याला बरोबर घेऊनच वळत होता, कारण गोळ्याला धरून ठेवणारं मधोमध एक वायर सोडून काही नव्हतं, आणि वायर तर स्क्रूच्याच आसात. हँडल सोडलं तेव्हा निळ्या रेघेची दोन टोकं जवळजवळ सेंटिमीटरभर लांब गेली होती.

कोणी काही बोललं नाही. डिझायनरने व्हर्निअर बाहेर काढला आणि ते अंतर मोजायला लागला, बहुधा काहीतरी करायला हवं म्हणून.

डॉक्टर सांगत होते: स्क्रूचे आटे उजवे, घड्याळाच्या दिशेने आत जाणारे. उजव्या खुब्यात या पिळाने गोळ्याच्या तुकड्याची पुढची बाजू खाली नळीकडे येते, फट मिटायला मदतच होते. डाव्या खुब्यात तोच पिळ उलटा पडतो, पुढची बाजू वर उचलली जाते आणि आधी नीट जुळवलेलं हाड पुढून उघडतं. अस्थिर फ्रॅक्चर असेल तर डोळ्यांदेखत. "आणि सी-आर्मला, म्हणजे ऑपरेशनमधल्या एक्स-रेला, समोरून बघाल तर सगळं छान दिसतं. बाजूचा फोटो काढला तर कळतं."

डिझायनरने हरकत घेतली आणि ती रास्त होती. पेशंटमध्ये सांध्याचं वेष्टण असतं, स्नायू असतात, पाय ट्रॅक्शन टेबलवर ताणलेला असतो. टेबलावरच्या फोमला यातलं काहीच नाही. डॉक्टरांनी मान्य केलं. म्हणाले, म्हणूनच आकडा लिहू नका, फक्त जुन्या-नव्यातला फरक बघा. मग त्यांनी तिसरा गोळा घेतला, पहिल्या वायरच्या थोडी वर समांतर दुसरी वायर घातली, नवा स्क्रू पुन्हा फिरवला. या वेळी रेघ जवळपास जागेवर राहिली. गोळा फिरू नये म्हणून जास्तीची वायर घालायची ही युक्ती जुनीच आहे. पण रात्री दोन वाजता, तालुक्याच्या गावी, एका असिस्टंटवर काम चाललेलं असताना ती वायर दर वेळी पडेलच असं धरून डिझाइन करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. "आधी टॅपने आटे पाडून घेतले तर?" डिझायनरने विचारलं. "तरण्या, टणक हाडात करतोच. आजींच्या हाडात टॅप मारला तर आहे ती पकडही भुशात जाते."

मला यातली मौज वेगळीच वाटते. 1931 साली बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी मानेच्या फ्रॅक्चरसाठी जो खिळा प्रसिद्ध केला, त्याला तीन पाकळ्या होत्या. ठोकून बसवायचा. त्या पाकळ्यांमुळे गोळ्याला खिळ्याभोवती गरगरता येत नसे. पुढे स्क्रू आला, त्याने पकड दिली, सरकत्या दांडीने दाब दिला. पण गोल वस्तूभोवती गोल वस्तू फिरायला मोकळी झाली. अलीकडच्या नेलमध्ये स्क्रूऐवजी पिळदार पातं ठोकून बसवतात, त्याचं एक कारण हेच. भोक कोरून हाड काढून टाकण्याऐवजी पातं ते आजूबाजूला दाबून बसवतं आणि फिरण्यालाही अडवतं. अर्थात पात्याचीही दुखणी आहेतच, ते टोकाकडून सरळ आत घुसून गोळ्याबाहेर निघाल्याच्या केसेस डॉक्टरांनी जेवताना ऐकवल्या. जेवण म्हणजे पुढच्या चौकातली मिसळ.

दुपारी रॉकिंग. यात गोळा वरच्या वाटीत बसतो, स्क्रू खालच्या बेसमध्ये कोनात धरलेला, आणि बेस स्वतः पुढेमागे झुलतो, म्हणजे भाराची दिशा पावलागणिक बदलते. दीड किलोन्यूटनच्या, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास भार, 2 हर्ट्झ, 20,000 फेरे. पावणेतीन तास लागतात. मधोमध बसवलेल्या स्क्रूंचे फेरे आधीच होऊन गेले होते, जुना काय आणि नवा काय, दोघेही शेवटपर्यंत टिकले होते. त्या दुपारी होते बाजूला सरकवून बसवलेले. मध्यापासून 7 मिलिमीटर.

सात मिलिमीटर काय मोठंसं, असं वाटेल. पण दीड किलोन्यूटन गुणिले 7 मिलिमीटर म्हणजे दहा न्यूटनमीटरच्या पुढे पिळ, आणि तो सेकंदाला दोनदा. पहिली दहा मिनिटं काही दिसलं नाही. मग वाटीच्या कडेवर पिवळी भुकटी जमायला लागली. मी गोळ्यावर खडूने खूण केली होती, ती हळूहळू कडेआड जायला लागली. गोळा स्क्रूभोवती फिरत होता. फिरता फिरता आट्यांभोवतीचा फोम घासून भोक मोठं होत होतं, आणि भोक मोठं झाल्यावर गोळा खाली कलंडायला लागला. क्रम नेहमी हाच, आधी फिरणं, मग कलंडणं. एक्स-रेमध्ये कलंडणं लगेच दिसतं. गोल गोळ्याचं आसाभोवती फिरणं चटकन दिसत नाही, म्हणून सगळे कलंडण्याबद्दलच बोलतात.

साडेतीनला लाईट गेली. जनरेटरने पकड घेईपर्यंत यूपीएसने मशीन धरून ठेवलं आणि फेरे चालू राहिले. काकांनी सकाळचं डिझेल आठवून माझ्याकडे बघितलं.

बाजूला बसवलेला जुना स्क्रू आणि बाजूला बसवलेला नवा स्क्रू यांच्यात डोळ्यांत भरावा असा फरक नव्हता. दोघांचेही गोळे फिरले आणि कलंडले. मधोमध आणि बाजूला यांच्यात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. सकाळी ओढताना नव्या स्क्रूने जी आघाडी घेतली होती, तिचा इथे मागमूस नव्हता.

डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. स्क्रूचं टोक गोळ्याच्या माथ्यापासून किती दूर आहे, ते समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेवर मोजून दोन्हींची बेरीज करायची, असा बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेला हिशोब त्यांच्या पिढीला पाठ आहे. त्या मालिकेत 198 फ्रॅक्चर होती, 16 स्क्रू गोळा फाडून बाहेर आले होते, आणि ज्यांची बेरीज 25 मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती त्यांच्यातला एकही या सोळांत नव्हता. "स्क्रू कुठला यापेक्षा कुठे, हे आम्हाला तेव्हाच कळलं. कंपन्यांना ते विकता येत नाही, एवढंच." हे वाक्य त्यांनी डिझायनरकडे बघून, पण हसत म्हटलं.

पोरगा खट्टू झाला होता, पण डोकं चालूच होतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, डाव्या खुब्यासाठी डाव्या आट्यांचा स्क्रू बनवला तर? पिळ उलटा होईल, प्रश्नच मिटेल. मला कल्पना झकास वाटली. सीएनसीवर डावा आटा काढणं काही अवघड नाही.

डॉक्टर म्हणाले, "ट्रेमध्ये दोन प्रकारचे स्क्रू, दोन प्रकारचे हँडल. सिस्टरने घाईत उजव्याऐवजी डावा हातात दिला, मी सवयीने घड्याळाच्या दिशेने फिरवत बसलो, स्क्रू आत जाईना म्हणून अजून जोर लावला. पुढचं तुम्हीच सांगा." मग उठता उठता, "शिवाय पाच वर्षांनी तो काढायची वेळ दुसऱ्याच कुणावर आली तर त्याला कोण सांगणार, हा उलटा आहे म्हणून?"

संध्याकाळी कंपनीच्या मार्केटिंगमधून फोन आला. पुलआउटचा आकडा माहितीपत्रकात घालायचा होता, तेवढंच पान वेगळं सही करून मिळेल का? मी नाही म्हटलं. रिपोर्ट एकसंध जातो, पानांवर 'एकूण पैकी' क्रमांक असतात, आणि पुलआउटच्या पाठोपाठ टॉर्क आणि रॉकिंगची पानं येतात. त्यातलं काय छापायचं ते त्यांनी ठरवावं, पण आमचं नाव घालायचं तर अख्खं घालावं. यावर आमच्या साहेबांशी थोडी वादावादी झाली, कारण गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं. शेवटी त्यांनीही सही केली.

सुट्या गोळ्याचा प्रयोग रिपोर्टमध्ये घालता आला नाही. त्याला ना स्टँडर्ड, ना ठरलेली मांडणी, काकांचा तळहात हे काही कॅलिब्रेट केलेलं उपकरण नाही. डिझायनरने मात्र रेघ फाकलेला तो गोळा पिशवीत घालून बरोबर नेला.

पुढच्या नमुन्याचं ड्रॉइंग आलं तेव्हा आट्यांची खोली जुन्या आणि नव्याच्या मध्ये कुठेतरी होती, टोकाकडच्या आट्यांना कापण्यासाठी खाचा दिल्या होत्या आणि सेटमध्ये दुसरी वायर समांतर घालायचा गाइड होता. कामाच्या यादीत शेवटची ओळ त्याने स्वतःहून टाकली होती: 'गोळा सुटा ठेवून टॉर्क, डावा आणि उजवा.' काकांनी त्यासाठी एक साधा जिग बनवलाय, तळहाताच्या जागी हलकी स्प्रिंग असलेला. या चाचणीचा दर काय लावायचा, हे आमच्या अकाउंट्सचं अजून ठरत नाहीये.